शिंगणी धरणाच्या पाच लाइनी

"...मग खालनं कुणाला वर बोलायचं झालं, तर?" मुजावरचाचांनी विचारलं.

"बोलायचंच नाही, चाचा. तेच तर केलंय."

केतकी सरनोबतने संगणकाच्या पडद्यावरून नजरसुद्धा काढली नाही.

"पाचही लाइनी आता फक्त बाहेर जाणाऱ्या. आत येणारा एकही फोन एक्स्चेंज पुढे देणार नाही. ज्याला चौकशी करायचीय त्याने तालुक्याच्या कचेरीत करावी."

"पाचही?"

"पाचही."

एक्स्चेंज म्हणजे भिंतीवरची पांढरी पेटी, चाचा तिच्याकडे बघत राहिले. पेटीवर पाच लाल दिवे होते, एकेका लाइनीचा एकेक. लाइनीवर बोलणं चालू असलं की दिवा जळत राहायचा, आणि बाहेरून घंटी आली की लुकलुकायचा.

"बरं..." चाचा म्हणाले.

हे 'बरं' केतकीच्या ओळखीचं होतं. त्याचा अर्थ बरं असा कधीच नसायचा.

शिंगणी धरण दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. भिंतीच्या टोकाला नियंत्रण कक्षाची खोली. तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे खालच्या चौदा गावांशी बोलायचं तर या पाच लाइनींवरूनच. केतकी फेब्रुवारीत इथे शाखा अभियंता म्हणून आली, तेव्हा कुठली तार कुठे जाते याचा नकाशा वाळवीने खाल्लेला होता. नकाशा शिल्लक होता तो एकाच जागी, इनूस मुजावर यांच्या डोक्यात. एकतीस वर्षं ते या धरणावर टेलिफोन ऑपरेटर होते.

महिनाभर ती त्यांच्यासोबत धुळीत गुडघे टेकून बसली. तार न् तार शिकली. शिकून झाल्यावर पेढे आणले, पाया पडली आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही माझे गुरू."

मग तिने एक्स्चेंज बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक वाचलं. पुस्तक तीनशे पानांचं होतं आणि चाचांनी त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून गुरूंकडचं शिकून संपलं असं तिला वाटू लागलं होतं. शिष्यांना असं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

पण तिने लाइनी बंद केल्या त्या काही माजाने नव्हे.

गेल्या वर्षी पाणी सोडायच्या वेळी पाचही लाइनी चौकश्यांनी तुंबल्या होत्या. पेपरवाले, पुढारी, पुढाऱ्यांचे भाचे, सगळ्यांचं एकच, पाणी सोडलं का? त्या गलबल्यात गावांना इशारा वीस मिनिटं उशिरा गेला. सहा म्हशी वाहून गेल्या, आणि एक माणूस बाभळीला मिठी मारून रात्रभर पाण्यात राहिला. तेव्हाच्या अभियंत्याची बदली झाली. केतकीने त्या माणसाला नंतर पाहिलं होतं. त्याच्या दंडांवर काट्यांचे वण होते, आणि ते पाहिल्यापासून ढग दिसला तरी ती पाण्याची पातळी बघून यायची.

माझ्या वेळी असं होणार नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

आणि आज ती वेळ आली होती.

वरच्या डोंगरात आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. खाली मात्र लख्ख ऊन होतं. पंधरा दिवस दरवाजे बंद असल्यामुळे नदी आटून ओढ्याएवढी झाली होती. अशा वेळी माणसं नदीत उतरतात. कुणी धुणं घेऊन उतरतं, कुणी जाळं घेऊन, कुणी शेरडं घेऊन. डोक्यावर ऊन असताना पाणी येईल हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार कसं?

कार्यकारी अभियंता देशिंगकर साहेबांचा हुकूम आला होता. दुपारी चारला चार दरवाजे उघडायचे.

अडीच वाजता केतकीने एक बटण दाबलं होतं. एक्स्चेंजने आपणहून चौदाही गावांना फोन लावले आणि तिच्या आवाजात भरून ठेवलेला इशारा ऐकवला. नऊ मिनिटांत काम झालं. पडद्यावर चौदा हिरव्या खुणा उमटल्या.

"बघा चाचा. गेल्या वर्षी याला सव्वा तास लागला होता."

"चौदाच्या चौदा बोलले?"

"चौदाही ठिकाणी फोन उचलला गेला."

"उचलला खरा... पर बोललं कोन?"

"कुणी कशाला बोलायला हवं? त्यांनी ऐकायचं होतं. ऐकलं."

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. मग बाहेर, भिंतीला येऊन टेकलेल्या तांबड्या पाण्याकडे पाहिलं. 

पावणेतीन झाले होते.

पहिला दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला.

"झाले सुरू," केतकी म्हणाली. "बघा, गेल्या वर्षी हेच सगळे आपल्या डोक्यावर बसले होते."

"पयल्या लाइनीचं ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले. "त्यो नंबर समद्यांकडं हाय. पेपरात छापून येतोय. लावत्यात आनि दमत्यात."

केतकीला बरं वाटलं. एकदाचे चाचा आपल्या बाजूचं बोलले.

पण चाचा पहिल्या दिव्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते तिसऱ्याकडे.

तिसरा दिवा लुकलुकत होता.

थांबला... पुन्हा लुकलुकला. थांबला... पुन्हा.

"मॅडम, तीन नंबरच्या लाइनीचा आकडा कुनाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही. तो कुठे छापलेलाच नाही."

"मग ह्यो लावतोय कोन?"

केतकीने मान वर केली.

"चुकून लागला असेल."

"चुकून एकदा लागतोय. ह्यो सातवा."

चाचा मोजत होते. ते नेहमीच मोजायचे. पेपरवाला दोनदा लावतो, पुढाऱ्याचा माणूस तीनदा, आणि ज्याच्या घरातलं माणूस पाण्यात आहे तो लावतच राहतो, असं ते महिनाभरापूर्वी तिला म्हणाले होते. कंपनीच्या पुस्तकात असलं काही नव्हतं, त्यामुळे तिने ते वहीत लिहून घेतलं नव्हतं.

"तीन नंबरवरनं आपन कुनाला फोन केलावता?" चाचांनी विचारलं.

आणि मग केतकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात जे दिसलं त्याने तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तो आकडा कुणालाही माहीत नव्हता. तो माहीत होता फक्त त्यांना, ज्यांच्या फोनवर तो अडीच वाजता उमटला होता. म्हणजे इशारा मिळालेलंच कुणीतरी उलटा फोन करत होतं. वाजत होता, आणि उचलत कुणी नव्हतं.

तिने घाईघाईने यादी उघडली. तीन नंबरवरून तीन गावं झाली होती. धामणे, पाचघर, चिंचोशी.

"मी तिघांनाही परत लावते," ती म्हणाली.

दोन नंबरच्या लाइनीवरून तिने धामण्याला लावला. सरपंचाने उचलला. इशारा पोचला होता, माणसं वर काढली होती. पाचघरला लावला. तिथेही सगळं ठीक होतं, देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं होतं.

चिंचोशी. पोलीस पाटलाच्या घरचा मोबाइल.

लागला नाही. पलीकडचा फोन व्यस्त होता.

पुन्हा लावला. व्यस्त.

तिसरा दिवा लुकलुकत होता.

पुन्हा... व्यस्त.

यादीत चिंचोशीपुढे लिहिलं होतं, उचलला, एक्केचाळीस सेकंद. हिरवी खूण. मघाशी हीच खूण किती छान दिसली होती! आता तिच्याकडे बघवत नव्हतं. सरपंचाचा नंबर लावला, तो कुणी उचलेना. पुन्हा पोलीस पाटलाचा लावला. व्यस्त. घामाने तिचं बोट बटणावरून घसरत होतं.

"चाचा, मी सेटिंग बदलते. तीन नंबर उघडते."

"किती वेळ लागंल?"

"एक्स्चेंज बंद करून चालू करावं लागेल. चार-पाच मिनिटं."

"तवर बाकीच्या लाइनी?"

"...सगळ्या बंद."

तिला स्वतःचाच राग आला. साडेतीनला इशाऱ्याची दुसरी फेरी होती. घड्याळात सव्वातीन होऊन गेले होते.

चाचा उठले. पेटीचं झाकण काढलं. शर्टाच्या खिशातून छोटा पेचकस काढला आणि पाच जोड्यांमधून एक जोडी तारांची सोडवली. नकाशा नव्हता, चिठ्ठी नव्हती. हातालाच ठाऊक होतं.

कोपऱ्यात एक जुना काळा फोन होता, तबकडीचा. चालू नव्हता, पण चाचा रोज पुसायचे, म्हणून सगळ्यांनी तो शोभेचा धरला होता. त्यांनी त्या तारा काळ्या फोनला जोडल्या आणि फोन उचलून टेबलावर, केतकीच्या पुढ्यात ठेवला.

"आता तीन नंबरच्या मधी एक्स्चेंज न्हाई," ते म्हणाले. "सरळ."

केतकी दोन नंबरवरून चिंचोशी लावतच होती. व्यस्त. व्यस्त. काळा फोन मुका होता.

"वाजत का नाही चाचा? आता का वाजत नाही?"

चाचांनी पुढे वाकून दोन नंबरच्या फोनवर बोट ठेवलं आणि तिचा कॉल तोडला.

"काय करताय!"

"ठेवा खाली."

"चाचा, तिथे माणसं असतील! मला लावायला हवा..."

"तुमी तिकडं लावताय. ते हिकडं लावत्यात. तुमचा मधी आदळला की त्यांचा लागता लागता तुटतोय, आन तुमाला बी व्यस्तच." चाचांचा आवाज चढला नव्हता. "एकानं तरी थांबाय पायजे. त्यांला थांबा म्हनून सांगाय येत न्हाई."

केतकीने फोन खाली ठेवला.

काहीही न करता बसणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिने आयुष्यात सगळं पळून, धडपडून, रात्र रात्र जागून मिळवलं होतं. आता तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. नाहीतर ते आपोआप बटणाकडे जात होते.

एक मिनिट गेलं.

...

बाहेर पाणी भिंतीवर आपटत होतं. थांबणं चुकलं तर? तिकडच्या माणसाने कंटाळून फोन खिशात टाकला असेल तर?

...

काळा फोन वाजला.

तिने तो असा ओढला की टेबलावरची वही खाली पडली.

"हॅलो, शिंगणी धरण!"

पलीकडे आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला.

"लागला गं बाई... लागला एकदाचा."

"आजी, कोण बोलताय तुम्ही?"

"चिंचोशीची हौसाबाई. पोलीस पाटलाची आई. अगं, मगाशी फोन केलावतास ती तूच न्हवं? त्योच आवाज हाय तुजा."

केतकीने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी वरडून वरडून सांगत हुते, आमच्या बायका नदीत हायत म्हून. तू आपली बोलतच हुतीस. माजा एक शबुद ऐकला न्हाईस. आन तुजं बोलून झाल्यावर ठिवूनच दिलास की गं."

एक्केचाळीस सेकंद. त्यातला प्रत्येक सेकंद केतकीला आता ऐकू आला.

"आजी... चुकलं माझं. आता ऐकतेय. कोण आहे नदीत?"

"झाडून समद्या. माज्या दोगी सुना, नात, समद्या. आज आसरांचा शुक्रवार न्हवं का."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. चिंचोशीच्या वरच्या अंगाला, ऐन पात्रात, त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी गावातल्या बायका ओलेत्याने तिथे जातात, हिरव्या बांगड्या आणि दहीभात वाहतात आणि दिवस मावळेपर्यंत गाणी म्हणत बसतात. त्या दिवशी पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही, आणि बायकांनी पूजेच्या सामानाशिवाय घरातली कुठलीही वस्तू सोबत न्यायची नाही. म्हणजे मोबाइलही नाही.

चाचा हे जाणून होते, पण त्यांच्याही लक्षात आज शुक्रवार शेवटचा आहे हे आलं नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"गावात कुणी पुरुषमाणूस?" केतकीने विचारलं.

"बाजारला गेल्यात. शाळंत गुरुजी तेवढं हायत, पर शाळा गावाच्या पल्याड. माजं गुडगं हालत न्हाईत पोरी, न्हाईतर मीच गेले असते..."

"आजी, रडू नका. मी पाणी थांबवते. गुरुजींनाही पाठवते. बायका वर आल्या की याच नंबरला फोन करा. मी उचलणार आहे. मी स्वतः उचलणार आहे."

"खरं न्हवं? परत तसंच बोलत ऱ्हानार न्हाईस न्हवं?"

"नाही आजी. नाही."

काळा फोन खाली ठेवला तेव्हा तीन पंचवीस झाले होते.

"शाळेचा नंबर..." ती यादीत शोधू लागली. यादीत शाळा नव्हती.

चाचांनी तो तोंडपाठ सांगितला.

दोन नंबरच्या लाइनीवर लोखंडे गुरुजी भेटले. पुरुषाने तिकडे जायचं नसतं, मॅडम, असं ते आधी म्हणाले. पाणी येतंय, असं केतकी म्हणाली.  फोनमधून खुर्ची सरकल्याचा आणि मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

नदीकडे रस्ता निम्म्यापर्यंतच होता. पुढे दरडीवरून उतरायची पायवाट, आणि ओलेत्या बायकांना त्याच वाटेने वर यायचं होतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट.

मग तिने देशिंगकर साहेबांना लावला.

"सर, चारला दरवाजे उघडता येणार नाहीत. चिंचोशीच्या बायका पात्रात आहेत."

"इशारा गेला नव्हता का? तुमचा तर चौदापैकी चौदा असा निरोप आला."

"गेला होता सर." केतकी म्हणाली. "पोचला नव्हता. चूक माझी आहे."



"पातळी किती?"

"पूर्ण भरायला सव्वा फूट कमी. अर्ध्या तासाला दोन इंच चढतंय."

"...साडेचार. त्यापुढे एक मिनिट नाही. धरणाशी खेळता येत नाही, सरनोबत. आणि लेखी द्यायचं, तुमच्या सहीने."

"देते सर."

मग वाट बघणं सुरू झालं.

इशाऱ्याची दुसरी फेरी तिने बटण दाबून केली नाही. चार लाइनींवरून तिने आणि चाचांनी एकेका गावाला स्वतः फोन लावला. उचलणाऱ्याचं नाव विचारलं. नदीत कोण आहे ते विचारलं. यादीतल्या हिरव्या खुणांपुढे ती नावं लिहीत गेली, आणि प्रत्येक नावागणिक तिचा जीव थोडा खाली बसत होता. पण तीन नंबरला तिने हात लावला नाही. काळा फोन टेबलाच्या मधोमध बसून होता आणि खोलीतलं सगळं त्याच्याभोवती चाललं होतं.

चार वाजले.

चार वाजून दहा.

पाणी भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांपैकी एक आकडा गिळून वर आलं.

"चाचा, गुरुजी पोचले असतील का?"

"असतील."

"त्यांनी हाक मारली तर ऐकू जाईल? त्या गात असतील..."

"जाईल."

"आणि म्हाताऱ्या बायका? ती दरड..."

 चाचा तबकडीवरची नसलेली धूळ पुसत होते.  

चार वीस.

इंटरकॉम वाजला. दरवाजाच्या खोलीतून माणूस विचारत होता, "मॅडम, तयार ऱ्हाऊ का?"

"तयार राहा. मी सांगितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही."

"साडेचारचा टाइम दिलाय सायबांनी."

"माहीत आहे मला!"

ती ओरडली, आणि लगेच तिला त्या माणसाची माफी मागावीशी वाटली. तेवढाही वेळ नव्हता. चार पंचवीसला तिच्या मनात आलं, साडेचारला आपण काय करणार? फोन आला नाही, तर? धरण की बायका? हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि त्याचं उत्तर तिला द्यायचं होतं.  तिने चाचांकडे पाहिलं. चाचा काळ्या फोनकडे पाहत होते.

चार सत्तावीस.

...

चार अठ्ठावीस.

...

फोन वाजला.

"आल्या गं बाई!" हौसाबाई रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. "समद्या आल्या. गुरुजी एका म्हातारीला पाठकुळी घिऊन आलं. माज्या सुना दारात हुब्या हायत, वल्ल्याच. ऐकतीस न्हवं?"

"ऐकतेय आजी."

"एक बी मागं ऱ्हायली न्हाई. मी नावं घिऊन हाक मारली परतेकीला."

"ऐकतेय."

"मग सोडा आता तुमचं पानी."

केतकीने इंटरकॉम उचलला. तीनदा भोंगा झाला, आणि बरोबर साडेचारला दरवाजे वर गेले. खालून जो आवाज आला त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. ती खिडकीशी गेली नाही. खुर्चीतच बसली, आणि एवढा वेळ दाबून धरलेलं रडू तिने येऊ दिलं. चाचांनी तिच्याकडे पाठ केली आणि पेटीचं झाकण लावण्यात, चार स्क्रू लावायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ घालवला.

तासाभराने सगळं मार्गी लागलं. साहेबांना द्यायचा कागद लिहून झाला. त्यात तिने हौसाबाईंचं नाव लिहिलं, एक्केचाळीस सेकंदही लिहिले. ते वाचून साहेब काय करतील याची धाकधूक होती, पण लिहिताना हात अडला नाही.

मग तिने संगणकासमोर खुर्ची ओढली. पाच लाइनींचं पान उघडलं. प्रत्येक लाइनीपुढे दोन चौकोन होते, बाहेर आणि आत. पाचही ठिकाणी 'बाहेर'वर तिचीच खूण होती.

पूर संपला नव्हता. उद्या पुन्हा पाणी सोडायचं होतं, परवाही. सगळ्या लाइनी उघडल्या तर गेल्या वर्षीसारख्या तुंबतील. सगळ्या बंद ठेवल्या तर... ते तिने आज पाहिलंच होतं. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. आज चाचा जे सांगतील ते शब्द न् शब्द लिहून घ्यायचं होतं.

"चाचा."

"बोला."

"दोन बाहेरच्या आणि तीन आतल्या? की तीन बाहेरच्या? पुस्तकात जे आहे ते मला पाठ आहे, आणि आज ते काही कामाचं नाही. तुम्ही सांगाल तसं करते. बाहेर जाणाऱ्या किती ठेवू, आणि आत येणाऱ्या किती?"

चाचा निघायच्या तयारीत होते. डबा पिशवीत घातला होता. दाराशी थांबून त्यांनी खाली, दरीकडे बघितलं. नदी आता काठोकाठ होती.

"हितं बसून मला विचारू नका, मॅडम," ते म्हणाले. "उद्या सकाळी चिंचोशीला जा. हौसाबाईच्या ओट्यावर बसा, आन तिथनं मला फोन लावून विचारा... लागला, तर सांगतो."